माडाला एकच कोंब

फार वर्षांपूर्वी, पक्षी माणसांशी बोलत असत आणि माणसं त्यांचं क्वचितच ऐकत असत, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

समुद्राच्या काठाला एक गाव होतं. काठाला म्हणजे अगदी काठाला. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी गावातल्या जमिनीपेक्षा वर चढायचं. तरी गाव बुडत नसे, कारण गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक लांब बांध होता.

वाळू काही थांबणारी वस्तू नव्हे. मुठीत धरली तरी ती निसटते. पण त्या बांधावर माड होते, आणि माडांच्या मुळांनी वाळू घट्ट धरून ठेवली होती. बांधाच्या अलीकडे केळी होत्या, अळूचे वाफे होते, पानवेली होत्या, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडं पाणी! परगावचे पाहुणे एक घोट घेत, एकमेकांकडे बघत आणि पुन्हा तांब्या पुढे करत.

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. त्यांचं एकमेकींशी कधी पटलं नाही. पण दोघींचं चर्च एकच होतं, आणि एक जुनी रीतही दोघी पाळत. लेकराचा बाप्तिस्मा झाला की बापाने चर्चमधून थेट बांधावर जायचं आणि लेकराच्या नावाने माडाचं रोप लावायचं. त्यामुळे गावात ज्याला नाव होतं, त्याच्या नावाचा एक माड होता.

वर्षातून एकदा झावळ्यांचा रविवार येई. प्रभू येशू गाढवावर बसून येरुशलेमात आला, तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. त्या दिवशी गावातली माणसं माडाखाली आपोआप गळून पडलेली झावळी उचलत आणि ती हातात धरून चर्चभोवती मिरवणूक काढत. गळलेली झावळी करडी असते. तिच्या कडा फाटलेल्या असतात. पोरं हसून म्हणत, "प्रभूच्या स्वागताला आमच्या गावाने खराटे आणले!" मोठी माणसंही हसत. देवाला हसू आलं असेल तर ते कोणाला कळलं नाही.

एका वर्षी वरच्या आळीतल्या इनासचा मुलगा वादळात सापडला आणि वाचून घरी आला. इनासचं मन भरून आलं. गळलेली झावळी देवापुढे न्यायची त्याला लाज वाटली. तो आपल्या माडावर चढला, शेंड्याच्या मधोमध सरळ उभी असलेली, अजून न उमललेली झावळी त्याने वरून कापली आणि खाली आणली.

न उमललेली झावळी तुम्ही पाहिली आहे का? तिच्या पानांमध्ये ऊन कधी शिरलेलं नसतं. ती लोण्यासारखी पांढरी असते आणि हाताला गार लागते. इनासच्या बायकोने ती पानं चिरून त्यांचे क्रूस विणले, कबुतरं विणली, फुलं विणली. रविवारी ती झावळी चर्चमध्ये आली तेव्हा बाकांवरून "आहा!" असा आवाज उठला.

चर्चचे फादर मनाने चांगले होते. त्यांचा आवाज गोड होता. आजाऱ्याच्या उशाशी ते तासन्‌तास बसत. एकच गोष्ट त्यांना सोसत नसे, ती म्हणजे कोणाची नाराजी. कोणी तोंड वाकडं केलं तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

ती झावळी बघून फादर म्हणाले, "आपली मनं अशी निर्मळ असावीत. इनासने आज आपल्या माडातलं सगळ्यात चांगलं ते देवाला दिलं."

खालच्या आळीचा कैतान पहिल्याच बाकावर बसला होता. त्याने आपल्या हातातल्या करड्या झावळीकडे पाहिलं आणि ती हळूच पायाने बाकाखाली सारली.

पुढच्या वर्षी खालच्या आळीतून पांढऱ्या झावळ्यांची रांगच आली. त्याच्या पुढच्या वर्षी वरच्या आळीने त्याहून मोठी रांग आणली. मग उंचीची चढाओढ लागली, मग पांढरेपणाची. झावळी जितकी खालून कापावी तितकी ती पांढरी मिळते. आणि अगदी खाली, जिथे ती सगळ्यात पांढरी असते, तिथे माडाचा कोंब असतो.

माडाला एकच कोंब असतो. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते, केळ कापली तर शेजारून पिल्लू येतं. माडाचं तसं नाही. त्याचा कोंब गेला की माड गेला. हे त्या गावात दात न आलेल्या पोराखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी तो का कापला? ऐका, ते कसं बोलत.

"अजून खालून काप!" कैतान बुंध्याशी उभा राहून ओरडे. "हे हिरवट आहे. वरच्या आळीचं बघितलंस का? दूध आहे दूध!"

"अजून खाली गेलो तर कोंब जाईल, कैतानमामा," वरून उत्तर येई.

"इनासचा माड मेला का? फुटला ना परत?"

"त्याने झावळीचं वरचं टोकच घेतलं होतं."

"तू कोयता चालव रे, अक्कल नको चालवू! चर्चसाठी कापलेलं झाड कधी मरतं का? फादरांचं पवित्र पाणी पडतं त्याच्यावर."

आणि कोयता चाले. पवित्र पाणी झावळीवर पडत होतं आणि माड तिकडे बांधावर उभा होता, हे कैतानच्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं, कोण जाणे.

माड लगेच मरत नाही. त्याच्या खालच्या झावळ्या हिरव्याच राहतात, आधी धरलेले नारळही पिकतात. लोक बघून म्हणत, "काही झालं नाही." मग नवी झावळी येत नाही. जुन्या एकेक करून गळतात. शेवटी नुसता खांब उरतो. बांधावर असे खांब दिसू लागले तेव्हा लोकांनी भुंग्याला दोष दिला. भुंगा आला होता हे खरं. पण तो कापलेल्या जागेच्या वासावर आला होता.

बांध जिथे सगळ्यात अरुंद होता, तिथे रुजायचं घर होतं. रुजाय विधवा होती. तिला फिलू नावाची एक मुलगी होती. घरापुढे विहीर, विहिरीपुढे माडांची एक ओळ, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. ओळीतला शेवटचा माड लहान होता, माणसाच्या उंचीचा. फिलूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या बापाने तो लावला होता. दुसऱ्या वर्षी बाप गेला. माड वाढत राहिला.

रुजायने आपल्या माडांना कोयता लावू दिला नाही. सणाला ती गळलेली झावळी घेऊन जाई. पाणवठ्यावर बायका तिला ऐकवत.

"काय गं रुजाय, देवाला एक झावळी द्यायला इतकं जड जातं?"

"माझी झावळी देवानेच पाडून दिलेली असते. तुमची मात्र तोडून आणावी लागते," रुजाय म्हणे.

"जीभ मोठी झाली हिची!"

"माड मोठे राहू देत, जीभ लहान झाली तरी चालेल."

पण उत्तरं देऊन माड वाचत नाहीत, हे तिलाही कळत होतं. एका सकाळी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना संपल्यावर ती फादरांकडे गेली.

"फादर, बांधावरचे निम्मे माड खांब झाले आहेत. तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले, बाय."

"ते का मेले हे तुम्हाला माहीत आहे."

फादर गळ्यातला क्रूस चाचपू लागले.

"वेदीवरून एकदा बोला. फक्त एकदाच. माझं कोणी ऐकत नाही, पण तुमचं ऐकतील."

फादरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "रुजाय, पूर्वी या दोन आळ्या चर्चच्या दारात एकमेकींची डोकी फोडायच्या. आता निदान झावळ्यांवरून चढाओढ करतात. चर्च भरतं. सणाच्या तोंडावर मी काही बोललो तर लोक म्हणतील, फादरांना आमची भक्ती बघवत नाही."

"मग सण झाल्यावर बोला."

"त्यानंतर प्रभूच्या दुःखसहनाचे दिवस. त्यात माडांचा विषय कसा काढू?"

"मग पुनरुत्थानाच्या सणाला बोला."

"तो आनंदाचा दिवस, बाय."

रुजाय उठली. "म्हणजे माडाला मरायला सगळे दिवस चालतात, आणि तुम्हाला बोलायला एकही चालत नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवशी फादरांना जेवण गेलं नाही.

पावसाळ्याच्या आधी फादर बांधावर फिरायला गेले. रुजायच्या माडावर एक सुगरण पक्षी घरटं विणत होता. त्याला सुगरण म्हणतात, पण विणकाम करतो तो नर. झावळीच्या कडेचा धाग्याएवढा पट्टा तो चोचीने फाडी, उडत येई आणि गाठ मारी. फादर ते बघत उभे राहिले.

"काय बघता, फादर?" पक्ष्याने विचारलं. "विणकाम? तुमच्याकडेही सुंदर विणतात. कबुतर तर हुबेहूब. फक्त त्यात अंडी घालता येत नाहीत."

फादर हसले. "तू किती बारीक पट्टा घेतोस!"

"मला उद्याही इथेच राहायचं आहे. पूर्वी या बांधावर आमची गावंच्या गावं होती. आता ही एक ओळ उरली. खांबाला घरटं टांगता येत नाही." पक्ष्याने एक गाठ ओढून घट्ट केली. "तुम्ही घंटा वाजवली की सगळं गाव धावत येतं. मी दिवसभर ओरडतो, माझी बायकोसुद्धा येत नाही. मला तुमची घंटा असती तर!"

"तर तू काय केलं असतंस?"

"जे मला दिसतं ते सांगितलं असतं."

"पुढच्या वर्षी मी नक्की बोलेन," फादर म्हणाले.

पक्षी पुढचा पट्टा आणायला उडून गेला. फादरांना वाटलं, आपलं उत्तर त्याने ऐकलं नाही. त्याने ऐकलं होतं.

पुढचं वर्ष आलं. झावळ्यांचा रविवार जवळ आला तेव्हा दोन्ही आळ्यांना कळलं की कापण्याजोगे कोंब आता गावात एकाच ठिकाणी उरले आहेत. शनिवारी सकाळी इनास आणि कैतान आपापली माणसं घेऊन रुजायच्या दारात उभे राहिले. कित्येक वर्षांत दोन्ही आळ्या अशा एका बाजूला आल्या नव्हत्या.

"बाजूला हो, रुजाय," इनास म्हणाला. "देवाचं काम आहे."

"माझे माड आहेत."

"तुझे कसे? बांध गावाचा आहे."

"मग गावाने राखावा. या ओळीमागे माझं घर आहे, माझी विहीर आहे, माझी पोर आहे. ही ओळ गेली तर पाणी आधी माझ्या उंबऱ्याला लागेल. मग तुमच्या."

"ऐका! समुद्राचा निरोप घेऊन आली आहे ही," कैतान म्हणाला आणि माणसं हसली.

"फादरांना बोलवा," रुजाय म्हणाली. "ते सांगतील ते मी मानेन."

फादर आले. दोन्ही आळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. रुजायही बघत होती. फिलू आईचा पदर धरून उभी होती. समुद्राला ओहोटी होती, त्यामुळे सगळं फार शांत होतं.

फादरांना काय बोलायचं ते ठाऊक होतं. शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. मग त्यांनी इनासचा ताठलेला चेहरा पाहिला, कैतानच्या कपाळावरची आठी पाहिली, आणि शब्द परत गिळले.

"ज्याने त्याने आपल्या मनाने द्यावं," ते म्हणाले. "मी कोणावर सक्ती करणार नाही. आणि कोणाला अडवणारही नाही."

इनास म्हणाला, "ऐकलंस? अडवत नाहीत." माणसं माडांवर चढली.

रुजायने दिलेला शब्द पाळला आणि ती बाजूला झाली. वरून ढलप्या पडत होत्या. कोंबाचा गाभा गोड लागतो म्हणून पोरं त्या वेचून खात होती.

फिलूच्या माडावर चढावं लागलं नाही. कैतानने तो जमिनीवर उभा राहूनच कापला. त्याने ती लहानशी पांढरी झावळी फिलूच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"घे पोरी. दरवर्षी शेवटून चालायचीस ना? उद्या तू सगळ्यात पुढे."

कैतानच्या मनात कपट नव्हतं, हे सांगायला हवं. त्याला खरंच वाटलं की आपण त्या पोरीला सुखी केलं. आणि फिलू सुखी झालीही. रविवारी ती पांढरा झगा घालून सगळ्यांच्या पुढे चालली, आणि वळणावर आईला दिसावी म्हणून तिने ती झावळी दोन्ही हातांनी उंच धरली. फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

ते वर्ष सरलं. पुढच्या झावळ्यांच्या रविवारी गावात पांढरी झावळी मिळेना. लोकांनी शेजारच्या गावाहून ती मागवली, आणि ती आपल्या माडांच्या झावळीसारखी पांढरी नाही म्हणून कुरकुर केली.

तोवर रुजायच्या घरापुढे खांबांची ओळ उभी होती. सुगरण पक्षी निघून गेले होते. मेलेल्या माडांची मुळं वाळूत कुजत होती आणि वाळूला ते कळलं होतं. वारा आला की ती उठून गावात शिरे, वाफ्यांवर बसे, ताटात पडे. रुजायच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. ती खालच्या आळीच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. बायका तिला वाट देत. आता कोणी टोमणे मारत नव्हतं.

आषाढाच्या अमावास्येला समुद्राला उधाण आलं. दिवसाढवळ्या आलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रुजाय पाण्याला गेली होती. पावसात भिजू नये म्हणून फिलूला तिने घरीच ठेवलं होतं. ती डोक्यावर हंडा घेऊन परतत असताना समोरून माणसं धावत येताना दिसली. त्यांच्यामागून पाणी येत होतं, मातकट, फेसाळलेलं, घाई न करता.

बांध अरुंद होता तिथेच फुटला होता.

रुजायने हंडा टाकला आणि ती पाण्याच्या दिशेने धावली. इनासने तिला धरून ठेवलं. तिने त्याच्या हाताचा चावा घेतला, तरी त्याने सोडलं नाही.

ओहोटी लागल्यावर फिलू सापडली. घर नव्हतं. ती एका खांबाला अडकली होती.

चर्चच्या मागच्या दफनभूमीत तिच्यासाठी खड्डा खणायला घेतला. पण थोडं खणलं की खालून पाणी येई. माणसांनी ते उपसलं. पुन्हा आलं. जागा बदलून पाहिली, तिथेही आलं. कैतानने बोट बुडवून ते जिभेला लावलं आणि तो खाली बसला. पाणी खारट होतं. गावाच्या मधोमध, त्यांच्या बापजाद्यांच्या हाडांमध्ये, समुद्र येऊन बसला होता.

लहानशी पेटी पाण्यावर तरंगू लागली. ती खाली राहावी म्हणून तिच्यावर दगड ठेवावे लागले. पहिला दगड ठेवायला कोणी पुढे होईना. मग रुजायनेच ठेवला.

फादरांच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. त्यांनी ते मिटलं.

"हे पाणी आपण आणलं," ते म्हणाले. त्यांचा गोड आवाज चिरकला. "माडाचा कोंब कापणं पाप होतं. झाडं देवाची आहेत. त्यांचा जीव घेऊन देवाचं स्वागत होत नाही. मला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. आजपासून या गावात कोणी कोंबाला हात लावायचा नाही. गळलेली झावळी आणा. बाप्तिस्म्याला लावलेला माड जपा. मेलेल्या प्रत्येक माडाच्या जागी एक रोप लावा."

एवढं बोलून फादर थांबले. आता लोक चिडतील, उलट बोलतील, पाठ फिरवून जातील, या भीतीने ते इतकी वर्षं गप्प राहिले होते.

इनासने डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं, फादर," तो म्हणाला. "उद्या सकाळी रोपं लावतो."

"माझ्याकडे बियाण्याचे नारळ आहेत," कैतान म्हणाला. "दोन्ही आळ्यांना पुरतील."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणी चिडलं नाही. कोणी कुरकुरही केली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव रोपं घेऊन बांधावर होतं.

रुजाय थडग्यापाशी उभी राहून ते बघत होती. फादर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"फादर," ती म्हणाली, "इतक्या पटकन ऐकतात ते?"

ती रडत असती तर फादरांना बरं वाटलं असतं. पण ती खरोखर विचारत होती.

रोपं लागली नाहीत. रोपाची मुळं वाळू धरायला काही वर्षं लागतात, आणि समुद्र आता दर पंधरवड्याला आत येत होता. लोकांनी पुन्हा रोपं लावली. ती पुन्हा वाहून गेली. फुटलेल्या बांधाचं भगदाड रुंद होत गेलं. केळी पिवळ्या पडल्या, पानवेली जळाल्या. एकेक विहीर मचूळ झाली. ज्याची विहीर गेली तो भांडीकुंडी बांधून मुलामाणसांसह आत, डोंगराकडे निघून गेला. आधी खालची आळी रिकामी झाली, मग वरची. रुजाय कोणत्या दिवशी गेली ते कोणाला कळलं नाही.

फादर मात्र राहिले. दर रविवारी ते घंटा वाजवत आणि रिकाम्या बाकांसमोर उभे राहून माडांविषयी बोलत. आता ते अगदी स्पष्ट बोलत, कोणाच्या नाराजीला न भिता. भरतीचं पाणी दारातून आत येऊन त्यांच्या पायांपर्यंत पोचे आणि परत जाई.

जो शब्द झाड जिवंत असताना वेदीवरून बोलला जात नाही, तो पुढे थडग्यापाशी बोलावा लागतो.